पिन-बुश कपलिंगचं मॉडेल पहिल्याच इन्क्रिमेंटला आपटतंय, दोष कॉन्टॅक्टचा की कन्स्ट्रेंटचा?

अक्कलकोटरोड | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये डिझाइन बघतो. डिझाइन म्हणजे ड्रॉइंग, खरेदी, गेटपास, सगळंच. साखर कारखान्यांच्या केन कॅरिअरसाठी (ऊस वाहून नेणारी यंत्रणा) पिन-बुश कपलिंगं करतो आम्ही, म्हणजे पिना आणि मऊ बुश घालून दोन शाफ्ट जोडणारे सांधे. रबरी बुश हंगामाच्या मध्यातच खातात अशी गिऱ्हाइकांची ओरड आहे, म्हणून मालकांनी पॉलियुरेथेनच्या बुशचं काढलंय. मोल्ड कापायच्या आधी बुश किती दबतो ते मला बघायचंय.

माहिती अशी: २२ किलोवॉट, गिअरबॉक्सच्या आउटपुटला ४८ आरपीएम. ३०० मिमी पीसीडीवर (पिनांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ८ पिना. पिन ४० मिमी व्यासाची, बुश बाहेरून ७० मिमी, लांबी ७०. पिन आणि बुशमध्ये त्रिज्येत ०.१ मिमी मोकळीक, बुश आणि फ्लँजच्या भोकात ०.१५.

एफईएचं (भागाचे बारीक तुकडे पाडून ताण आणि दबणं काढायची पद्धत) सॉफ्टवेअर प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स, कारण फुकट आहे. ४५ अंशांचा एकच तुकडा घेतलाय, दोन्ही कापांवर सायक्लिक सिमेट्री (हाच तुकडा गोल फिरून आठदा येतो, ही अट) इनपुट फाइलमध्ये हातानं लिहिली. डाव्या फ्लँजला पिन टायने चिकटवली. उजव्या फ्लँजच्या बोअरला रिजिड बॉडी करून रेफरन्स पॉइंटवर टॉर्कचा आठवा हिस्सा दिला. घर्षण ०.३. कॉन्टॅक्टचा के (स्पर्शाचा कडकपणा) एक कोटी ठेवला, म्हणजे एकमेकांत घुसणार नाहीत. मेश (तुकड्यांची जाळी) ५ मिमी.

आधी 'एकच डीओएफ दोन एमपीसींच्या डिपेन्डंट बाजूला' अशा अर्थाची एरर आली (डीओएफ म्हणजे नोडची, जाळीतल्या बिंदूची, हलायची एक दिशा; एमपीसी म्हणजे नोडांना एकमेकांशी बांधणारं समीकरण). त्या कडेचे नोड रिजिड बॉडीतून काढले तर रन सुरू झाला, पण पहिल्याच इन्क्रिमेंटला (लोडचा एक हप्ता) कटबॅकवर कटबॅक (हप्ता लहान करून पुन्हा प्रयत्न) घेऊन 'इन्क्रिमेंट मिनिममपेक्षा लहान' म्हणून बंद. सुरुवातीचा इन्क्रिमेंट ०.००१ करून पाहिला. तेच.

काय बदलू?

---

चिंचोळी_शिफ्ट२ | रविवार, रात्री १०:५०

एफईए मला कळत नाही, पण पीयूचे बुश ओततो मी. शोअर (कडकपणाचा अंक) किती घेतलाय? ९०च्या वर गेलात तर बुश टिकंल पण गिअरबॉक्सचं बेअरिंग बोंबलंल. कपलिंगनं धक्का गिळायचा असतो की ओ.

---

अक्कलकोटरोड | रविवार, रात्री ११:०२

८५ शोअर ए धरलाय. लवचिकतेचा अंक ढोबळ ३० एमपीए. निओ-हूकमध्ये (रबरासारख्या पदार्थाचं गणिती मॉडेल) सी१० साधारण ५, डी१ (आकारमान किती दबतं त्याचा अंक) शून्य.

---

पुणेरी_जाळी | सोमवार, सकाळी ८:२०

मूळचा सोलापूरचाच, आता हिंजवडीत अबॅकसवर (दुसरं एफईए सॉफ्टवेअर) पोट भरतो. ऑटोमॅटिक स्टॅबिलायझेशन (सुटे भाग धरायला कृत्रिम डॅम्पिंग) लावा, चालून जाईल. कॅल्क्युलिक्समध्ये तशी थेट सोय नसेल तर बुशला बारीक स्प्रिंगा बांधा. आमच्याकडे डेडलाइन जवळ आली की पहिला उपाय हाच.

---

कडकभाकरी | सोमवार, सकाळी ९:४५

जाळीसाहेब, थांबा जरा. स्प्रिंगा नंतर. आधी धागाकर्त्यांना एकच प्रश्न: शून्य सेकंदाला, म्हणजे काहीही हललेलं नसताना, तुमचा बुश कशाला धरून बसलाय?

पिनेपासून ०.१ मिमी लांब. भोकापासून ०.१५ लांब. कुठेच स्पर्श नाही. म्हणजे बुश हवेत तरंगतोय, सहाच्या सहा दिशांना मोकळा. उजवा फ्लँज स्वतःच्या अक्षाभोवती मोकळा, आणि त्या मोकळ्या दिशेलाच तुम्ही टॉर्क लावलाय. सॉल्व्हरनं विरोध आणायचा कुठून? भागिले शून्य. अबॅकस निदान 'झिरो पिव्होट', 'न्युमेरिकल सिंग्युलॅरिटी' असं नोड नंबरासकट ओरडतो, अन्सिस म्हणतो 'इंटर्नल सोल्यूशन मॅग्निट्यूड लिमिट एक्सीडेड'. कॅल्क्युलिक्स दरवेळी तोंड उघडत नाही, गपचूप भलंमोठं विस्थापन काढून देतो आणि मग कटबॅक घेत बसतो.

०.००१ चा इन्क्रिमेंट इथे का चालला नाही तेही यातच आलं. लोड हजार पटीनं कमी केला तरी शून्य कडकपणावर शून्य विरोधच मिळतो. इन्क्रिमेंट लहान करणं हे नॉनलिनिअरिटी तीव्र असेल तेव्हाचं औषध आहे, भाग सुटा असेल तेव्हाचं नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर कॉन्टॅक्ट काढून टाका आणि त्याच मॉडेलवर फ्रीक्वेन्सी रन लावा. जे जे सुटं आहे ते शून्याजवळच्या फ्रीक्वेन्सीला हलताना दिसेल. तुमच्या मॉडेलात अशा ७ मोड यायला हव्यात: बुशच्या ६, फ्लँजची १. आठवी दिसली तर टायसुद्धा लागलेला नाही. हा रन दोन मिनिटांचा असतो आणि महिन्याभराची डोकेदुखी वाचवतो, तरी कुणी करत नाही.

---

अक्कलकोटरोड | सोमवार, दुपारी १:३०

केला. ७च आल्या. बुश अ‍ॅनिमेशनमध्ये भोकातून आरामात बाहेर चाललाय.

---

पुणेरी_जाळी | सोमवार, दुपारी २:१०

मान्य, निदान बरोबर आहे. पण मग स्टॅबिलायझेशन त्यासाठीच तर असतं ना? कॉन्टॅक्ट बसेपर्यंत धरून ठेवायला.

---

कडकभाकरी | सोमवार, दुपारी ३:००

असतं. पण त्याचा हिशोब कोण तपासतं? अबॅकसच्या कॉन्टॅक्ट स्टॅबिलायझेशनचं डॅम्पिंग स्टेप संपेपर्यंत आपोआप शून्यावर उतरतं, ते त्यातल्या त्यात बरं. पण पूर्ण स्टेपला लावायचं जे स्टॅबिलाइझ असतं ते तसं उतरत नाही. ०.०००२ हा डिफॉल्ट अंश ठेवून लोक खुशाल पुढे जातात. शेवटी एएलएलएसडीची (डॅम्परनं खाल्लेली) ऊर्जा एएलएलआयईच्या (भागांतली एकूण अंतर्गत ऊर्जा) शेजारी ठेवून बघायची, एखाद-दोन टक्क्यांच्या वर गेली तर तुमच्या लोडचा काही भाग बुश नाही, डॅम्पर उचलतोय. पुढच्या स्टेपला स्टॅबिलायझेशन काढलं की तो लोड एकदम बुशवर येतो आणि तिथे रन आपटतो. मग लोक दुसऱ्या स्टेपमध्ये चूक शोधत बसतात.

इथे तर त्याची गरजच नाही. टॉर्क काढा. फोर्स देऊ नका, हालचाल द्या. डावा भाग घट्ट धरा, उजव्या भोकाला स्पर्शरेषेच्या दिशेनं ०.८ मिमी सरकवा आणि रिअ‍ॅक्शन मोजा. ०.२५ मिमी मोकळीक संपेपर्यंत रिअ‍ॅक्शन शून्य येईल, सॉल्व्हरला त्याचं काही वाटणार नाही, कारण फ्लँज कुठे जायचा ते आता ठरलेलं आहे. फोर्स विरुद्ध विस्थापन असा आलेख मिळेल, त्यावर तुमचा टॉर्क कुठे बसतो ते वाचा.

---

प्राध्यापकबुवा | सोमवार, संध्याकाळी ६:२५

वर सगळे सॉल्व्हरमध्ये शिरले, हाताचा हिशोब कुणी केलाच नाही. करून ठेवतो.

टॉर्क = २२,००० भागिले (२ × पाय × ४८/६०) = सुमारे ४,३७७ न्यूटन-मीटर. ८ पिना, ०.१५ मीटर त्रिज्या: एका पिनेवर ३,६५० न्यूटनच्या आसपास. बुशचं प्रोजेक्टेड क्षेत्र ७० × ७० = ४,९०० चौ. मिमी, म्हणजे सरासरी दाब ०.७४ एमपीए. रबरी बुशला पाठ्यपुस्तकं ०.८ पर्यंत जा म्हणतात. म्हणजे रबर अगदी काठावर चाललंय, आणि केन कॅरिअरवर उसाचा गठ्ठा अडकला की धक्क्याचा लोड याच्या वर. सगळ्या पिना सारखा लोड घेतात हे गृहीतकही उदार आहे. गिऱ्हाइकांची ओरड खोटी नाही.

आता हा दाब घेऊन के बघा. कॅल्क्युलिक्सच्या लिनिअर कॉन्टॅक्टमध्ये दाब = के × घुसखोरी. शिखराचा दाब २ एमपीए धरा. के एक कोटी असेल तर घुसखोरी ०.०००००२ मिमीच्या खाली. १५ मिमी जाडीच्या पीयूत ही अचूकता कुणाला हवीय? त्या के पायी मॅट्रिक्समध्ये ३० एमपीएचा पदार्थ आणि कोटीची स्प्रिंग शेजारी-शेजारी बसतात, नोड किंचित आत गेला की राक्षसी बल त्याला बाहेर फेकतं, पुढच्या इटरेशनला कॉन्टॅक्ट उघडा, मग पुन्हा आत. मॅन्युअलमध्ये लगतच्या पदार्थाच्या लवचिकता अंकाच्या ५ ते ५० पट असा सल्ला आहे. तो अंक मऊ पदार्थाचा घ्या, स्टीलचा नको. ५० × ३० = १,५००. घुसखोरी २ भागिले १,५०० = ०.००१३ मिमी. भरपूर झालं. घर्षणाचा स्टिक स्लोप (घसरण्याआधीचा कडकपणा) याच्या साधारण दहाव्या भागावर ठेवा, १५०.

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री ८:१०

+१. सर, के वर इतकं नीट लिहिलेलं मराठीत पहिल्यांदा वाचलं.

एमपीसीच्या एररबद्दल राहिलं होतं. बोअरच्या कडेचे नोड दोन ठिकाणी अडकले होते: एकीकडे रिजिड बॉडी सांगते 'रेफरन्स पॉइंटसोबत फिर', दुसरीकडे सायक्लिक सिमेट्री सांगते 'समोरच्या कापावरच्या जोडीदारासारखा हल'. एका कामगाराला दोन मुकादम. कॅल्क्युलिक्स डिपेन्डंट डीओएफ समीकरणातून काढूनच टाकतो, त्यामुळे एक डीओएफ दोनदा काढता येत नाही आणि तो सरळ नकार देतो. एसपीसी (एकाच नोडला थेट धरणारी अट) आणि एमपीसी एकाच डीओएफवर आले तरी तसंच. अबॅकस यातले काही प्रकार प्रीप्रोसेसिंगला स्वतःच सोडवतो, टाय आणि बाउंड्री कंडिशन एकमेकांशी सुसंगत असतील तर जादा एक गाळतो. पण कॉन्टॅक्ट रन सुरू असताना बंद होऊन जेव्हा तिसरा मुकादम येतो, तेव्हा तिथेही झिरो पिव्होट. म्हणजे झिरो पिव्होट दिसला की 'भाग सुटा आहे' असं लगेच म्हणू नका. नोड नंबर बघा. भागातले वाटेल ते नोड असतील तर भाग सुटा, एखाद्या कडेवरचे दोन-चारच असतील तर तिथे कन्स्ट्रेंट जास्त झालेत.

तुम्ही कडेचे नोड रिजिड बॉडीतून काढलेत ते बरोबर केलंत. पण मी म्हणतो सायक्लिक सिमेट्री हवीय कशाला? स्टील पीयूपेक्षा ७,००० पट कडक आहे. बुशचं दबणं बघायचंय तर फ्लँजचा उरलेला तुकडा काय सांगणार? भोकाभोवतीचा एक ठोकळा ठेवा, बाकी उडवा. पिनसुद्धा टाय करण्यापेक्षा थेट एका टोकाला धरा. पिनेचं वाकणं वेगळं हवं असेल तर ते हातानं निघतं.

---

पुणेरी_जाळी | सोमवार, रात्री ९:००

मॉडेल लहान करणं हा उपाय कुणालाच आवडत नाही. मॅनेजरला पूर्ण कपलिंग रंगीत दिसायला हवं असतं. :)

---

अक्कलकोटरोड | मंगळवार, रात्री ९:३५

सगळं केलं: एक पिन, एक बुश, एक ठोकळा. के १,५००, घर्षण तात्पुरतं काढलं, ०.८ मिमी विस्थापन. आता सुरुवातीलाच विचित्र वागतोय. अजून काही हललंही नाही तर कॉन्टॅक्टचा दाब दिसतोय, तोही ठिपक्याठिपक्यांनी. आणि पुढे पुन्हा अडकतो. सीव्हीजी फाइल (दर इटरेशनची नोंद; रेसिड्युअल म्हणजे अजून न जुळलेलं बल) अशी दिसते:

इटरेशन १ – कॉन्टॅक्ट एलिमेंट १८६ – रेसिड्युअल ६४%
इटरेशन २ – कॉन्टॅक्ट एलिमेंट ४१२ – रेसिड्युअल ३१०%
इटरेशन ३ – कॉन्टॅक्ट एलिमेंट ९७ – रेसिड्युअल ८८%
इटरेशन ४ – कॉन्टॅक्ट एलिमेंट ४०५ – रेसिड्युअल २९०%

अवांतर: ऑफिसात ४२ डिग्री, लॅपटॉपचा पंखा मागाच्या वरताण आवाज करतोय. थ्रॉटल होऊन रनला दुप्पट वेळ.

---

प्राध्यापकबुवा | मंगळवार, रात्री १०:२०

ठिपके म्हणजे मेशची भूमिती. ५ मिमीच्या एलिमेंटनं वर्तुळ काढलं की त्याचा बहुभुज होतो. जीवेच्या मध्यापाशी वर्तुळापासूनचं अंतर साधारण बाजूचा वर्ग भागिले ८ त्रिज्या: २५ भागिले १६० = ०.१५६ मिमी. बुशच्या आतली त्रिज्या २०.१, तिच्या जीवेचा मध्य १९.९४ ला आला. पिनेचा कोपरा २०.० ला. दोन्ही मेश एकमेकांपुढे किंचित फिरलेल्या असल्या की पिनेचा कोपरा बुशमध्ये ०.०५ मिमी आधीच घुसलेला. ड्रॉइंगवर ०.१ ची मोकळीक, मेशमध्ये घुसखोरी. ठिपके त्या कोपऱ्यांचे.

बाजू १.५ मिमी करा, चूक ०.०१४ वर येते. किंवा द्विघाती एलिमेंट (कडांच्या मध्यावरही नोड असलेले) असतील तर मिडसाइड नोड भूमितीवर बसवायचा पर्याय चालू आहे का बघा. ते सरळ रेषेवर राहिले तर द्विघाती असूनही बहुभुज तो बहुभुजच.

आणि द्विघाती एलिमेंट असताना नोड-टू-सरफेस कॉन्टॅक्ट वापरू नका. सहा नोडांच्या त्रिकोणावर एकसारखा दाब दिला तर कोपऱ्याच्या नोडांवर येणारं समतुल्य बल शून्य असतं, सगळं मधल्या नोडांवर. आठ नोडांच्या चौकोनावर तर कोपऱ्याला उलट दिशेचं बल येतं. नोडानोडानं कॉन्टॅक्ट तपासणाऱ्या पद्धतीला वाटतं कोपरा उघडा आहे. मग उघड-झाक सुरू. सरफेस-टू-सरफेस घ्या.

---

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ७:५०

सीव्हीजी वाचायची सवय लावलीत ते बेस्ट. रेसिड्युअलपेक्षा आधी कॉन्टॅक्ट एलिमेंटचा आकडा बघत जा. १८६, ४१२, ९७, ४०५ असा झोके घेतोय म्हणजे पृष्ठभाग एकदम मिटतोय, एकदम उघडतोय. हा आकडा स्थिर झाल्याशिवाय न्यूटन-रॅफ्सनला (सॉल्व्हरची इटरेशन करत उत्तराजवळ जायची पद्धत) काही अर्थ नाही. स्थिर झाल्यावर रेसिड्युअल १२%, मग १%, मग ०.०१% असा झरझर उतरायला हवा. आकडा स्थिर आणि तरी रेसिड्युअल रेंगाळतोय तर दोष कॉन्टॅक्टचा नसून मटेरिअलचा किंवा वाकड्या झालेल्या एलिमेंटचा. रन मेला की शेवटची न जमलेली उत्तरं आणि रेसिड्युअल एफआरडीत (उत्तरांची फाइल) पडलेले असतात, ते उघडून सगळ्यात मोठा रेसिड्युअल कुठल्या नोडवर आहे तिथे झूम करा.

स्लेव्ह (ज्या बाजूवरून स्पर्श तपासला जातो ती) कोण ठेवलाय? बुश ठेवा, पिन आणि ठोकळा मास्टर. मऊ आणि बारीक मेशवाला स्लेव्ह. उलटं ठेवलं की स्टीलचे विरळ नोड तपासले जातात आणि मधल्या पीयूचं कुणी बघत नाही.

अजून एक. तुम्ही घर्षण काढलंत. मग बुशला स्वतःच्या अक्षाभोवती फिरायला कोण अडवतंय? गोल पिनेवर गोल बुश, घर्षण शून्य: फिरणं पूर्ण फुकट. पिनेच्या दिशेनं सरकणंही फुकट. जाडा मेश होता तेव्हा बहुभुजाचे कोपरे खोटं खोटं धरत होते, बारीक कराल तर तेही सुटेल.

---

अक्कलकोटरोड | बुधवार, सकाळी ९:१०

बुशच्या तोंडावरचा एक कडेचा भाग फिक्स करू का मग?

---

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ९:४०

भाग नको, एक-एक नोड. पिनेच्या अक्षाच्या दिशेनं एकाच नोडला धरा. फिरणं थांबवायला असा नोड निवडा की जिथली स्पर्शरेषा लोडच्या दिशेला काटकोनात येते, आणि फक्त तेवढाच एक डीओएफ धरा. भोक ज्या दिशेला सरकतंय त्या दिशेचा डीओएफ धरलात तर पिनेचं काम तो नोड करायला लागेल.

रन संपला की या दोन्ही नोडांची रिअ‍ॅक्शन बघायची. ३,६५० न्यूटनच्या पुढे दोन-पाच न्यूटन आली तर सोडून द्या. शंभर-दोनशे आली तर तो नोड लोड घेतोय, जागा बदला.

---

तलावकाठ | बुधवार, सकाळी ११:००

मी नुसता वाचक. डी१ शून्य दिलाय असं वर वाचलं, म्हणजे पूर्ण अदाब्य ना? मग एलिमेंट लॉक (खोटेच जास्त कडक) होणार नाहीत का? अन्सिसमध्ये मिक्स्ड यू-पी (दाब वेगळा सोडवायची सोय) चालू करावं लागतं.

---

प्राध्यापकबुवा | बुधवार, दुपारी १२:१५

चांगला प्रश्न. कॅल्क्युलिक्स डी१ शून्य असला की स्वतःच एक किंमत घेतो, तिचा हिशोब पॉइसन गुणोत्तर ०.४७५ च्या जवळ येतो. म्हणजे पूर्ण अदाब्य नाही, थोडी हवा ठेवलेली असते. अबॅकसमधले एच लागलेले हायब्रिड एलिमेंट इथे नाहीत, पण सी३डी२०आरसारखे कमी इंटिग्रेशनचे ठोकळे यात बरे वागतात. बुश साधी नळी आहे, ठोकळ्यांचा मेश सहज होतो. फक्त लक्षात असू द्या, बुश भोकात कोंडला जातो तेव्हा ०.४७५ आणि ०.४९५ मध्ये कडकपणाचा फरक बऱ्यापैकी पडतो. बाजूची तोंडं उघडी आहेत म्हणून इथे निभावेल.

के आणि मेश पटतात का हे कपलिंगवर तपासण्याऐवजी एक छोटी चाचणी करा. हर्ट्झनं १८८२ साली स्पर्शदाबाचे सिद्धांत मांडले, ते अजून फुकट तपासनीस आहेत. २० मिमी त्रिज्येचा कडक दंडगोल, सपाट पीयूवर, लांबीच्या दर मिमीला १० न्यूटन. ३० एमपीए आणि ०.४७५ धरून स्पर्शाची अर्धी रुंदी २.५६ मिमी आणि शिखर दाब २.४८ एमपीए यायला हवा. पातळ काप घ्या, दोन्ही तोंडांना जाडीच्या दिशेनं धरा, ठोकळा खोलीला किमान २५–३० मिमी. शिखर दाब ५ टक्क्यांत आला की के ठीक. मात्र हे सूत्र प्रत्यक्ष बुशला लावू नका. तिथे पिन आणि बुशच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या आहेत, स्पर्श मोठ्या कमानीवर पसरतो, हर्ट्झचं गृहीतकच मोडतं.

---

चिंचोळी_शिफ्ट२ | बुधवार, रात्री १०:४०

एवढं गणित वाचून डोकं गरम झालं, पण एक सांगतो. ओतलेला पीयू मोल्डमधून निघाल्यावर आकसतो. आतलं भोक २०.१ त्रिज्येचं तुमच्या कागदावर, माझ्या हातात येईल तेव्हा त्याहून कमीच. बरेच जण पिनेवर ठोकून बसवतात. तुमची मोकळीक आहे का नाही, हे आधी गिऱ्हाइकाच्या फिटरला विचारा.

---

पुणेरी_जाळी | गुरुवार, सकाळी ८:४५

हा मुद्दा भारी आहे. बुश पिनेवर घट्ट बसत असेल तर निम्मा प्रश्नच सुटला, पहिल्या क्षणापासून कॉन्टॅक्ट मिटलेला. मग पहिली स्टेप फक्त इंटरफिअरन्स (बुश पिनेवर आवळून बसणं) सोडवायची, दुसरीत सरकवायचं. दोन्ही एका स्टेपमध्ये कोंबू नका.

---

अक्कलकोटरोड | शुक्रवार, रात्री ११:२०

चालला! मेश १.५, बुशला सी३डी२०आर, सरफेस-टू-सरफेस, बुश स्लेव्ह, दोन नोड धरलेले. हर्ट्झची चाचणी २.४ वर आली. कॉन्टॅक्ट एलिमेंटचा आकडा तिसऱ्या इटरेशनपासून हलत नाही. धरलेल्या नोडांवर न्यूटनभरही रिअ‍ॅक्शन नाही.

३,६५० न्यूटनला एकूण सरकणं ०.५ मिमीच्या आसपास, त्यातलं पाव मिमी नुसती मोकळीक. पिनेच्या खांद्यापाशी बुशच्या तोंडाला दाब एकदम उसळलेला दिसतो, मेश बारीक केला की आणखी वाढतो. तो खरा का?

फिटरलाही विचारलं. रबरी बुश हातानं जातात, पीयूवाले तो म्हणाला 'हातोडीनं'. म्हणजे चिंचोळीवाल्या दादांचं बरोबर.

---

प्राध्यापकबुवा | शनिवार, सकाळी १०:०५

तीक्ष्ण कडेचा दाब मेशसोबत वाढतच राहणार, त्याला शेवट नाही. ड्रॉइंगवर तिथे चॅम्फर किंवा गोलाई असेल तर ती मॉडेलमध्ये घ्या. नसेल तर ड्रॉइंगवर घाला, बुशच्या तोंडाला १.५ मिमीची गोलाई. ती मॉडेलपेक्षा बुशलाच जास्त हवी आहे, फाटायला सुरुवात तिथूनच होते. आणि दाब बघायच्या आधी बेरीज बघा: पिनेवरची रिअ‍ॅक्शन आणि ठोकळ्यावरची रिअ‍ॅक्शन एकमेकींना उलट आणि सारख्या आहेत ना?

---

अक्कलकोटरोड | शनिवार, दुपारी १:१५

आहेत, दशांशापर्यंत. गोलाई घालतो. आता घर्षण परत आणायचं आणि दोन शाफ्टमधला ०.३ मिमी ऑफसेटही घ्यायचाय. धरलेले ते दोन नोड तसेच ठेवू?

---

कडकभाकरी | शनिवार, दुपारी २:४०

इंटरफिअरन्सच्या स्टेपपर्यंत ठेवा. बुश पिनेवर आवळला गेला आणि घर्षण आलं की ते दोन्ही नोड सोडा, नाहीतर ऑफसेट देताना तेच बुशला ओढतील. ऑफसेट रेडिअल दिशेला वेगळ्या स्टेपमध्ये द्या, टॉर्कचं सरकवणं त्याच्यानंतर. घर्षण ०.१ पासून चढवा, ०.२ च्या वर गेलात की मॅट्रिक्स असिमेट्रिक होण्याचा त्रास जाणवायला लागतो, इटरेशन वाढतील. तेव्हा के ला हात लावू नका, इन्क्रिमेंट लहान करा. आता ते औषध लागू पडेल.

आणि आठही पिनांना ऑफसेट वेगवेगळ्या दिशेनं लागतो, हे विसरू नका. एका पिनेचं मॉडेल ठेवून ऑफसेटची दिशा ४५-४५ अंशांनी बदलत आठ रन लावा. रात्री लावून घरी जा, लॅपटॉपखाली दोन विटा ठेवून.

---

चिंचोळी_शिफ्ट२ | शनिवार, संध्याकाळी ७:३०

मोल्डचं ड्रॉइंग सोमवारी पाठवा मालक. आकसणं मी धरतो, गोलाई तुम्ही दाखवा. आणि पहिले दोन बुश फुकट, पण पिनेवर ठोकायला मी स्वतः येणार.